आधी दिवा मालवा, मग गोष्ट

गोष्ट संपते, पुस्तक मिटतं, दिवा मालवला जातो, "आता झोप हं" म्हणून आई किंवा बाबा उठतात आणि मागून रडं सुरू होतं. पुष्कळ घरांतला क्रम हाच असतो. माझं म्हणणं एवढंच, की तो उलटा करावा. दिवा आधी मालवावा आणि गोष्ट अंधारात सांगावी.

अंधाराचं भय साधारण दोन-तीन वर्षांच्या सुमारास दिसू लागतं. मुलाची कल्पना याच वयात झेपा घेऊ लागते, हा काही योगायोग नव्हे. जे दिसत नाही ते मनात उभं करता येऊ लागलं, की पलंगाखाली वाघही उभा राहतो. मूल भित्रं आहे असं यातून ठरत नाही. त्याचं डोकं वयाप्रमाणे चालू लागलंय एवढंच. म्हणूनच "तिथं काही नाहीये" या आपल्या ठेवणीतल्या वाक्याचा उपयोग होत नाही. मूल तिथं जे आहे त्याला भीत नसतं, जे असू शकेल त्याला भीत असतं. शिवाय दुपारी वरणभाताचा घास उतरावा म्हणून आपणच बागुलबुवाला हाक मारलेली असते. रात्री तो नाहीच म्हणून सांगितलं, तर मुलानं विश्वास कशावर ठेवायचा?

आता डोळ्यांचं पाहू. लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दृष्टिपटलावरच्या, मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी सावकाश कामाला लागतात. सुरुवातीला तर खोली खरोखरच काळीकुट्ट भासते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण गोष्ट आटोपून निघून गेलेलो असतो. सगळ्यात गडद अंधार मुलाच्या एकट्याच्या वाट्याला येतो. हीच मिनिटं गोष्टीत गेली तर? ओळखीचा आवाज चालू असतो, आईचा हात अंगावर असतो, आणि खिडकीतून झिरपणाऱ्या उजेडात कपाटाची कड, खुंटीवरचा शर्ट, पंख्याची पाती एकेक करून दिसू लागतात. कोपऱ्यात उभा असलेला माणूस म्हणजे तो शर्टच, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

वीज घरोघरी पोचण्यापूर्वी आजीच्या गोष्टी अशाच मिणमिणत्या उजेडात किंवा अंगणातल्या अंधारात चालत. चित्रांची सोय नव्हती, म्हणून सगळा भार आवाजावर, ठेक्यावर आणि पुन:पुन्हा येणाऱ्या ओळीवर. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्टच घ्या. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात वाघ अडवतो. ती त्याला शब्दांनी थोपवते, लेकीकडे खाऊनपिऊन गुटगुटीत होते आणि परतताना भोपळ्यात बसून त्याच रानातून निसटते. रान तेच, वाघ तोच, पण दुसऱ्या खेपेला म्हातारीजवळ युक्ती असते. चार रात्री ऐकल्यावर वाघ कुठे भेटणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं, आणि ते वाघाचीच वाट पाहू लागतं. अंधारात कुणाची तरी आनंदानं वाट पाहणं, हे या भयावरचं फार मोठं औषध आहे.

आणि हुंकार! अंधारात ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून सांगणाऱ्याला 'हूं' हवा असतो. तो द्यायचं काम मुलाचं. ज्याच्या 'हूं'वर गोष्ट पुढे सरकते, ते मूल त्या अंधारात नुसतं पडून राहिलेलं नसतं.

मुलाला अंधारात काम देण्याची ही युक्ती मानसोपचारातही आहे. 1962 मध्ये लाझारस आणि अब्रामोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी अंधाराला भिणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाची हकीकत नोंदवली. सुपरमॅन आणि कॅप्टन सिल्व्हर हे त्याचे लाडके नायक. आपण त्यांचे हस्तक आहोत आणि त्यांच्या संदेशाची वाट पाहत बसलो आहोत, अशी कल्पना त्याला करायला लावली. सुरुवात मंद उजेडापासून, मग हळूहळू गडद अंधार. भय ओसरलं. गांधीजींनीही आत्मकथेत आपल्या लहानपणच्या भुताखेतांच्या भयाबद्दल लिहिलंय. त्यांना सांभाळणाऱ्या रंभाबाईनं त्या भयावर उपाय म्हणून रामनाम म्हणायला सांगितलं.

मोबाइलवर गोष्ट लावून दिली की यातलं काहीच घडत नाही. पडद्याचा उजेड डोळ्यांना अंधाराशी सरावू देत नाही, झोपेचं संप्रेरक स्रवणं लांबवतो, आणि मोबाइलला हुंकाराची गरजही नसते. चित्रांची पुस्तकं मात्र उत्तम. ती संध्याकाळी वाचा.

पहिल्या रात्री मूल दिव्यासाठी हट्ट करेल. तेव्हा ओढाताण नको. बाहेरचा दिवा राहू द्या, दार किलकिलं ठेवा आणि दर दोन-तीन रात्रींनी ते थोडं लोटत न्या. भुताहडळींना या वयात रजा द्या. मूल महिनोन्‌महिने नीट झोपत नसेल किंवा भय दिवसाही सोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. तिथं एकटी गोष्ट पुरी पडत नाही.