डबी आणि बाटली

मुलांना घेऊन वसईहून लोकलने चर्चगेटला गेलो, तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा १९१८ साली वारले. त्यांनी जमवलेल्या चिनी वस्तू पुढे इथे आल्या. तपकिरीच्या इवल्या बाटल्यांपाशी एका मुलाने विचारले, "सर, तंबाखू वाईट ना? मग ही बाटली काचेत कशाला?"

चिंग राजवटीत दरबारी लोक औषध म्हणून तपकीर ओढत. बुचाला चिमुकला चमचा जोडलेला. काही बाटल्या तर चिनी मातीच्या, पण हस्तिदंत वाटावे इतक्या बारीक कोरलेल्या.

माझ्या दादीचीही तपकिरीची डबी होती, पत्र्याची. ती गेल्यावर चाळीस दिवसही झाले नसतील, मीच ती लाजेने फेकून दिली. घरात बी.एड. झालेला मी एकटा! व्यसन दरबारातले असेल तर कला, आणि दादीचे असेल तर घाण, हा न्याय मी कुठे शिकलो? संग्राहकाला दोष देत नाही. त्याने तपकीर नव्हे, कोरणाऱ्याचा हात जपला. दादीच्या डबीवर कोरीव काम नव्हते, हे खरे. पण तिच्या अंगठ्याने झाकणाची एक कड पार गुळगुळीत झाली होती.

मुलाला मी एवढेच म्हणालो, "नक्षी बघ."