तळ्याचें पाणी व उचलणारा माणूस

यरुशलेमांत बेथेसदा नांवाचें एक तळें होतें. त्याच्या कांठीं पडलेल्या रोग्यांत, ज्याचें दुखणें ३८ वर्षांचें होतें असा एक मनुष्य होता, ही हकीकत योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत आपण सर्वांनीं वाचिली आहे. त्या पाण्यास मोल पडत असे, असें तेथें कोठें सांगितलेलें नाहीं. तरी पाणी हाललें म्हणजे दुसराच कोणी आधीं उतरे, आणि हा कांठावर राही. प्रभूनें विचारिलें तेव्हां त्यानें पाण्याविषयीं गाऱ्हाणें केलें नाहीं. आपणांस उचलून पाण्यांत सोडील असा माणूस नाहीं, एवढेंच त्याचें गाऱ्हाणें होतें.

आमच्या काळीं असें एक तळें पुष्कळ जिल्ह्यांत खणिलें गेलें आहे. २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या योजनेप्रमाणें वैद्यकीय पथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां येऊन, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावयाची असते. ज्या मुलाचें पाऊल जन्मतः वांकडें आहे, ज्यास ऐकूं येत नाहीं, जें वयाप्रमाणें बसत वा बोलत नाहीं, त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडितात. तेथें हातापायांचे व्यायाम, बोलण्याचे पाठ व इतर उपचार यांबद्दल पैसा घेत नाहींत. कांहीं मिशन इस्पितळें व धर्मार्थ संस्थाही हें काम करितात.

तरी पुष्कळ मुलें कांठावरच राहतात. एकदोनदां येतात, मग येईनाशीं होतात. तेव्हां मंडळींत असें बोलणें ऐकूं येतें कीं, उपचार फुकट असून मूल नेत नाहींत, तर दोष आईबापांचा. दुसऱ्यांनीं काय करावें? हें बोलणें सहज निघतें, पण त्यांत नीतीचा मोठा प्रश्न आहे. जें फुकट आहे तें न घेणारा तेवढ्यानेंच दोषी ठरतो काय?

प्रथम तो उपचार कसा असतो हें पाहिलें पाहिजे. वांकडें पाऊल नीट करण्याची जी रीत डॉक्टर पोन्सेटी यांनीं बसविली, तींत दर आठवड्यास पाऊल थोडथोडें वळवून नवें प्लास्टर घालितात. असें पांचसहा आठवडे चालतें. मग बहुधा टांचेमागचा ताठ स्नायुबंध कापावा लागतो. त्यानंतर दांडीनें जोडलेले जोडे पहिले तीन महिने जवळजवळ रात्रंदिवस, व पुढें मूल चारपांच वर्षांचें होईपर्यंत झोपेच्या वेळीं घालावे लागतात. मूल रडतें म्हणून ते काढून ठेविले, तर पाऊल पुनः आंत वळण्याचें भय असतें. ज्या मुलाच्या मेंदूस जन्माच्या सुमारास इजा होऊन हातपाय ताठ झाले आहेत, त्याचें काम याहून लांबणीचें. मेंदूची इजा भरून येत नाहीं. परंतु रोज सांधे हळूहळू ताणिले, मुलास नीट टेकवून बसविलें, बसवूनच भरविलें, तर सांधे आखडणें पुष्कळ अंशीं कमी होतें, घांस अडकण्याचें भय कमी होतें, व कित्येक मुलांस आपल्या हातांनीं कांहीं करतां येऊं लागतें. केंद्रांतील शिकविणारा आठवड्यांतून थोडा वेळ देतो. बाकीचा आठवडा घरानें द्यावयाचा असतो.

आतां त्या घरांत पाहा. आई शेतांत मजुरीस जाते. केंद्राचा दिवस म्हणजे मजुरीचा खाडा. मूल वाढून अंगानें जड झालें म्हणजे एकटीस उचलवत नाहीं. तेव्हां बापाचाही खाडा. शिवाय एस. टी. चें भाडें, आणि धाकट्या लेंकरास कोणाजवळ ठेवावें ही काळजी. हें एका दिवसाचें नव्हे, वर्षानुवर्षांचें आहे. जें केंद्राच्या दारांत फुकट आहे, तें घराच्या उंबऱ्यापाशीं फुकट नसतें. म्हणून जो आईबापांस दोष देतो त्यानें अर्धाच हिशेब मांडिला आहे.

येथें कोणी विचारील, प्रत्येकानें आपला भार आपण वाहावा असें पौलानें शिकविलें नाहीं काय? शिकविलें आहे, पण गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या त्याच ६ व्या अध्यायांत, तीनच वचनें आधीं, एकमेकांचीं ओझीं वाहण्याची आज्ञाही त्यानेंच केली आहे. दोहोंत विरोध नाहीं. एका माणसाच्या शक्तीस पेलतो तो भार त्याचा स्वतःचा. शक्तीबाहेर जातो तो सर्वांचा. आपल्या लेंकरास मांडीवर घेऊन व्यायाम देणें हा आईचा भार आहे, आणि ती तो उचलण्यास सहसा मागें सरत नाहीं. परंतु शेकडो खाडे सोसणें हें एका मजुराच्या शक्तीबाहेरचें आहे. तें ओझें मंडळीनें सोडून दिलें, आणि मग आई थकून खालीं बसली, तर दोष तिच्या एकटीचा कसा?

दुसरें एक ओझें डोळ्यांस दिसत नाहीं. अपंग मूल जन्मलें कीं पूर्वकर्माची किंवा आईच्या पापाची कुजबूज होते. ख्रिस्ती झालेल्या घरांतही ती जुनी समजूत कोपऱ्यांत दडून राहते. जन्मांधास पाहून शिष्यांनींही पाप कोणाचें असें विचारिलें होतें, आणि प्रभूनें तो हिशेबच नाकारिला. त्यानें मागचें कारण शोधीत न बसतां पुढचें काम दाखविलें. जी आई लाजेनें मूल पडवींत लपविते, तिला फुकट उपचाराची बातमी पुरत नाहीं. उपदेशकानें तिच्या अंगणांत बसून तें मूल मांडीवर घेतलें पाहिजे.

कित्येक म्हणतात, आम्ही प्रार्थना करितों, मग व्यायाम कशाला? याइराच्या मुलीस प्रभूनें उठविलें, आणि तिला खावयास देण्यास घरच्यांस सांगितलें, असें मार्क लिहितो. जें घरच्यांच्या हातून होण्याजोगें होतें, तें त्यानें त्यांच्याच हातीं ठेविलें. रोजचा व्यायाम हा अविश्वास नव्हे.

आणखी एक शंका उरते. जें मूल कधींच चालणार नाहीं त्याच्यासाठीं इतका खटाटोप कां? वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर मेरी व्हर्गीस यांचें चरित्र या शंकेस उत्तर आहे. १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांचें कमरेखालचें अंग लुळें झालें, व तें तसेंच राहिलें. तरी चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. परदेशीं जाऊन पुनर्वसनाची विद्या संपादिली. परत येऊन वेल्लोर येथें त्या विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ सालीं तेथें पुनर्वसनाची निराळी संस्था सुरू झाली. पायांत बळ परत आलें नाहीं, म्हणून त्यांच्यावरचे श्रम व्यर्थ गेले असें कोण म्हणेल? चालणें हें उपचाराचें एकच माप नव्हे. पाण्याचा पेला धरणें, आपली गरज सांगतां येणें, शाळेंत चार मुलांत बसणें, हींही मापें आहेत. आणि ज्या मुलास यांतलें एकही साधणार नाहीं, त्याच्या यातना कमी व्हाव्यात हेंही पुरेसें कारण आहे; कारण देवाचें प्रतिरूप पायांच्या बळावर अवलंबून नाहीं.

म्हणून हा उपचार भिक्षा नव्हे. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारचीं अपंगत्वें मानून अशा व्यक्तींचे हक्क ठरविले आहेत. ख्रिस्तजयंतीस अशा मुलास सर्वांपुढें बसवून मिठाई द्यावी व मग वर्षभर विसरावें, ही दया नव्हे. तींत मूल आमच्या मोठेपणाचें साधन मात्र होतें.

कफर्णहूमांत पक्षघाती मनुष्यास चौघांनीं उचलून आणिलें, व गर्दी पाहून छप्पर उघडिलें. त्या उपचारास पैसा पडला नाहीं. खांदे मात्र चौघांचे लागले. आमच्या मंडळ्यांत एका मुलामागें असे चौघे कां नसावेत? एकानें केंद्राच्या दिवशीं आईबरोबर जावें; दुसऱ्यानें त्या दिवशीं धाकटीं मुलें सांभाळावींत; तिसऱ्यानें व्यायाम शिकून घ्यावा, म्हणजे आई आजारी असतां खंड पडणार नाहीं; चौथ्यानें अपंगत्वाच्या दाखल्याच्या खेपा कराव्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई मंडळीच्या वर्गणींतून करावी, व ती सभेंत पुकारूं नये. उपदेशकांनीं घरभेटींत नजर ठेवावी. सहा महिन्यांचें मूल मान धरीत नाहीं, वर्षाचें होऊन बसत नाहीं, हांकेस वळत नाहीं, असें दिसलें तर, मोठें झालें म्हणजे सुधारेल असें सांगून आईस स्वस्थ बसवूं नये. अंगणवाडीच्या बाईंस किंवा आशा सेविकेस त्याच दिवशीं कळवावें. लहानपणींचे महिने गेल्यावर तेंच काम फार कठीण होतें.

बेथेसदाची ती हकीकत सणाच्या वेळची आहे. यरुशलेमांत तेव्हां धडधाकट माणसांस तोटा नव्हता. तरी त्या एकास माणूस मिळाला नाहीं. आपल्या गांवच्या मुलास तेंच गाऱ्हाणें प्रभूपुढें सांगावें न लागो. येत्या रविवारीं उपासनेनंतर प्रत्येक मंडळीच्या वडिलांनीं अशा मुलांचीं नांवें काढावींत, व एकेका नांवापुढें चार नांवें लिहावींत, अशी आमची विनंति आहे.