१४९ कवट्या

कवटी मोजायची तर आधी मधोमध एक रेषा मनात धरावी लागते, नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत. त्या रेषेच्या डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे कॅलिपरच्या दोन टोकांत पकडायचं, मिलिमीटरमध्ये लिहायचं, कवटी जागेवर ठेवायची आणि दुसरी उचलायची. बर्लिनमध्ये इरावतीबाई कर्व्यांनी अशा १४९ कवट्या मोजल्या. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

हे काम देणारे होते ऑयगेन फिशर. १९२७ साली बर्लिनच्या दालेम भागात मानववंशशास्त्राची जी कैसर विल्हेल्म संस्था उघडली, तिचे ते संचालक. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९१३ साली आला होता आणि त्यांचं नाव मोठं होतं. गोऱ्या माणसाची बुद्धी सरस, म्हणून त्याच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात असणार, असा त्यांचा होरा होता. विद्यार्थिनीने तो आकड्यांनी पक्का करायचा होता. शाळेत आपण पुस्तकाच्या पाठीमागचं उत्तर बघून गणित मांडायचो, तसला प्रकार. फरक इतकाच की इथे ते उत्तर गुरूंच्या तोंडून आलेलं.

इरावतीबाईंकडे चूक करायला फारशी सवड नव्हती. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांना शिकवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, पण सुनेने जर्मनीला जाऊ नये असं त्यांचं मत होतं. (थोरांच्या घरीही उंबरठा असतो.) पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. त्यांनी जीवराज मेहतांकडून कर्ज काढलं आणि बायकोला बोटीवर बसवून दिलं. म्हणजे पैसा उसना, देश परका आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांचंच मत तपासायचं. आकडा जरा इकडचा तिकडे सरकवला असता तर कुणाला कळणार होतं? मिलिमीटर ही काही फार मोठी चीज नव्हे.

कवट्यांतल्या अनेक जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आलेल्या. अशा संग्रहांत कवटीवर शाईने क्रमांक घालायची रीत असते. नाव नसतं. कुणाची आई, कुणाचा भाऊ, हे विचारायला तिथे रकानाच नाही.

मोजणी संपली. डावी-उजवी बाजू सारखी नसते, हे खरं निघालं. पण ती कुणाचीच सारखी नव्हती, युरोपियनाचीही नाही आणि आफ्रिकनाचीही नाही. त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध दिसत नव्हता. इरावतीबाईंनी तेच लिहिलं. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, गुण मात्र गुरुजींनी हात आखडूनच दिले.

याकोबसेन नावाचा एक डॅनिश लेखक होऊन गेला. मुळात तो वनस्पतिशास्त्रज्ञ. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांवरच्या निबंधासाठी त्याला १८७३ साली कोपनहेगन विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. डार्विन डॅनिशमध्ये आणला तोही त्यानेच. त्याच्या कादंबऱ्यांचं वेड जर्मन भाषेतल्या कवी रिल्केला इतकं, की १९०३ साली एका होतकरू कवीला त्याने आग्रहाने त्या वाचायला सांगितल्या. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ बघणारा डोळाच पुढे माणसं बघू लागला, असं याकोबसेनबद्दल म्हणता येईल. आपल्याकडे हे कुणाबद्दल म्हणायचं, तर मला इरावतीबाईच आठवतात.

त्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ १९६७ साली आलं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारत म्हटलं की आपल्यालाही पाठीमागचं उत्तर पाठच असतं: पांडव चांगले, कृष्ण तर देवच. इरावतीबाई खांडववनापाशी थांबतात. कृष्ण आणि अर्जुन वनाला आग लावतात, बाहेर पळणाऱ्या प्राण्यांना आणि नागांना बाणांनी परत आगीत लोटतात. मयासुरासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचतात, आणि तोच मय पुढे पांडवांना मयसभा बांधून देतो. बाई विचारतात की या जळितात पराक्रम तो कसला. वाचणाऱ्याला टोचतं. टोचणारच, कारण त्या आपल्या माणसाला वेगळी पट्टी लावत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला पचवायला वेळ लागला. बर्लिनची मोजणीची विद्या इरावतीबाई घरी घेऊन आल्या आणि महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरं त्यांनी वर्षानुवर्षं मोजली. त्यातून सगळे कुंभार एका मुळाचे नाहीत, असं काहीसं जातीच्या उतरंडीला धक्का देणारंही निघालं, हे खरं. तरी ज्या हत्याराने काय केलं जाऊ शकतं हे जवळून पाहिलं, ते खाली का ठेवलं नसावं?

हा प्रश्न टोचतो, कारण फिशर थांबले नव्हते. १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाइनलँडमधल्या आफ्रिकी सैनिकांच्या मुलांची १९३७ साली सक्तीने नसबंदी झाली, तेव्हा त्यांना तपासून मत देणाऱ्यांत ते आणि त्यांचे सहकारी होते. त्यांच्यानंतर आलेल्या संचालकांच्या काळात आउशवित्झहून मृतांचे अवयव त्या संस्थेकडे येत होते.

संस्थेची इमारत इनेश्ट्रासे २२ इथे अजून उभी आहे, आता तिथे दुसऱ्या एका विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४ साली जवळच खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. पुढे नीट उकरलं, तेव्हा सोळा हजारांच्या आसपास तुकडे निघाले, किमान ५४ माणसांचे. ही माणसं कुठली, हे आणखी तपासण्या करून शोधायचं का, असा प्रश्न आला. ज्यांच्या पूर्वजांची ती हाडं असू शकत होती, अशा ज्यू, रोमा आणि कृष्णवर्णीय समाजांच्या प्रतिनिधींशी बोलणं झालं, आणि ठरलं की नाही, पुन्हा वंश लावत बसायचं नाही. मार्च २०२३ मध्ये दालेमच्याच दफनभूमीत सगळे तुकडे एकत्र पुरले.