भुईला भार?



आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते: “फादर, आम्ही आता भुईला भार!”

जुलैचा चौथा रविवार हा आजीआजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तो २०२१ साली सुरू केला. संत योआकिम व संत अन्ना यांचा २६ जुलैचा सण जवळच असतो. म्हणून या ‘भारा’विषयी थोडे बोलू.

जंगलात भुईवर खरोखर भार टाकतो तो उन्मळून पडलेला ओंडका. झाड पडते तिथेच पडून राहते, असे उपदेशकाच्या पुस्तकात म्हटले आहे. पण ते नुसते पडून राहत नाही. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजेड दिसतो. तो लाकडाचा नव्हे, ते पचवणाऱ्या बुरशीचा उजेड. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन फार थोड्या जीवांना पचते. काही बुरशांना ते जमते. लाकूड भुसभुशीत झाले की स्पंजासारखे पाणी धरते, आणि आसपासची माती सुकली तरी बुरशीचे तंतू त्यात तग धरतात. तिथून ते जमिनीत उतरतात, दुसरे पडलेले लाकूड शोधत दूरवर जातात. वाटेत मातीतला नत्र व स्फुरद उचलून ओंडक्याकडेही आणतात. म्हणजे ओंडका देतो, तसा घेतोही. पुढे त्याचा चुरा होऊन सारे मातीला मिळते.

(चुलीसाठी काटक्या वेचणाऱ्या मायबहिणींना आम्ही दोष देत नाही. पोट आधी.)

तोच ओंडका आपल्या नळदुर्गच्या माळावर टाका. उन्हात तो वाळून खडखडीत होतो, नाहीतर वाळवी त्याला पोखरून नेते. भीमाशंकरला त्याच्यावर उभ्या झाडांची सावली असते, अंगाखाली ओल असते. आम्हांला बोलायचे आहे ते या सावलीविषयी.

माणूस म्हणजे ओंडका नव्हे, हे उघड आहे. तो उपयोगी पडतो म्हणून मोलाचा नसतो. तो देवाच्या प्रतिरूपात घडलेला असतो आणि पुनरुत्थानाची वाट पाहत असतो. तरीही आपल्या घरांत म्हाताऱ्यांना मागच्या खोलीत वाळत ठेवले जाते. पुण्या-मुंबईची पोरे पैसे पाठवतात, फोनवर “जेवलात का?” विचारतात, ते वाईट नाही, पण त्याने ओल टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात घरात चूल कशी पेटली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भुई हलली तेव्हा कोण कोणाला हाका मारत बाहेर पळाले, त्या रात्री प्रार्थना कोणी सुरू केली, हे ज्यांना ठाऊक आहे ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. नातवाला विचारायला वेळ नसतो, आणि आजी आपणहून सांगत नाही, कारण आपण भार आहोत हे तिने मान्य करून टाकलेले असते.

ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे त्यांनी मिस्सानंतर नाव नोंदवावे. पहिल्या शुक्रवारी आम्ही कम्युनियन घेऊन येऊ. त्या वेळी घरातले एक तरी मूल आजीच्या बाजेपाशी बसलेले असावे. आम्ही निघाल्यावर त्याने तिथेच अर्धा तास बसावे आणि विचारावे.