'दोनच'विषयी

आरोंदा

चि. मंदार,

चतुर्थीला आलास तेव्हा तुझ्या शर्टाच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट दिसलं. घर माणसांनी भरलेलं, म्हणून बोललो नाही. आईला तू सांगितलंस, "दिवसाला दोनच." त्या 'दोनच'साठी हे पत्र.

आपल्या पितळी टोपाची कल्हई उडाली की त्यातली सोलकढी कळकते. रक्तवाहिनीलाही आतून असं अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं, पण जिवंत. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यानं वाहिनी सैल राहते, प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. हे उलगडणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं. धुरानं तो वायू कमी पडतो, प्लेटलेट चिकट होतात, गुठळी बांधणारं फायब्रिनोजेन वाढतं. कापलं तर जीव वाचवणारी गुठळी मग न कापताच धरते. हृदयात, मेंदूत, पायात.

पायातली मी पाहिलीय. किरणपाणीचा पूल नव्हता तेव्हा तुझे थोरले आजोबा, म्हणजे माझे दादा, होडी हाकत. तोंडात सतत विडी. चाळिशीच्या आतच म्हणायला लागले, "पायाक मुंग्यो येतत रे." चार पावलं चालून पोटरी धरून बसायचे. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच जरा बरं वाटे. पुढे अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, बर्जरचा रोग. लिओ बर्जर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं वर्णन केलं होतं. ऐन उमेदीतल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होणारा, आणि तंबाखू पूर्ण सुटली तरच थांबणारा. दादांना वाटलं, औषध चालू आहे, एखादी विडी चालेल. अंगठ्यामागून पाऊल गेलं.

तुला तोच रोग होईल असं नाही. पण हृदयाचा हिशेब ऐक. रोज एक ओढणाऱ्याचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या भागाइतका नसतो, निम्म्याच्या जवळ जातो. २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासात हे दिसलं. हे अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो.

मात्र ही कल्हई जिवंत आहे, ती पुन्हा सावरते. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा तो जादा धोका निम्म्यावर येतो. सरकारची १८००११२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे, तिथे बोल. पहिला आठवडा जड जाईल. तेव्हा रजा काढून इकडे ये. मला तशीही रात्री झोप नसते. ओसरीवर दोघे बसू.

तुझा,
आजोबा