सद्हेतूने सांगितलेले असत्य

वरचा दात काढला की दृष्टी अधू होते, असे वडीलधारी माणसे मायेने सांगत आली आहेत. वस्तुतः दाताचा आणि दृष्टीचा मज्जातंतू भिन्न आहेत. दात काढल्याने दृष्टी जात नाही. उलट किडका दात तसाच राखल्यास त्यातील पू जबड्यात आणि क्वचित डोळ्याभोवतीही पसरू शकतो. भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीने दात बळकट होतात, हाही असाच समज. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, म्हणून केंद्र शासनाने १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली; घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री मात्र चालूच राहिली.

सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, एवढ्याने तो निर्दोष ठरतो काय? जाणूनबुजून असत्य बोलणे आणि खात्री न करता बोलणे यांत अंतर आहे खरे. परंतु ऐकणाऱ्याची वेदना दोन्हींत सारखीच. म्हणून दुसऱ्याच्या देहाविषयी सल्ला देण्यापूर्वी जाणत्यास विचारणे, हे प्रेमाचेच कर्तव्य होय. आणि ज्या आजीने तो समज जपला, तिला हसू नये; तिच्यासोबत दंतवैद्याकडे जावे आणि तिच्या शंका तिलाच विचारू द्याव्यात.