भादाण्याचा ताम्रपट

कल्याणात पारनाक्याजवळच्या एका छापखान्यात एक गृहस्थ मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांचे दोन कारखाने. पणजोबांना इंग्रजांनी ‘रावसाहेब’ केलेलं, म्हणून ‘रावसाहेब घराणे’ ही अक्षरं सोनेरी हवी होती. मुलाच्या नावाआधी ‘श्रीमंत’ आणि स्वतःच्या नावाआधी ‘उद्योगसम्राट’.

छापखान्याचे मालक पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचे; गाव त्यांना अजून गुरुजीच म्हणतं. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, “छापतो की. पण साहेब, रावसाहेबकी ज्याची त्याच्यापुरती असायची, ती वारशानं येत नसे. आणि बिरुदंच म्हणाल, तर आपल्याच मुलखात शिलाहारांचं घराणं होऊन गेलं. चहा येईस्तोवर ऐका.”

मग गुरुजी रंगले. नवव्या शतकापासून सुमारे साडेचारशे वर्षं उत्तर कोकण या घराण्याकडे. ठाणं म्हणजे त्यांचं श्रीस्थानक. 1787 साली ठाण्यात खोदकाम चाललं असताना अरिकेसरीचा शके 939 चा ताम्रपट हाती लागला. या घराण्याच्या लेखांत बिरुदांची रांगच असते. ‘तगरपुरपरमेश्वर’ हे तर ठरलेलं. तगर म्हणजे धाराशिवकडचं तेर. राज्य मात्र इथं, खाडीकाठी.

“यांचे धनी राष्ट्रकूट. 973 साली चालुक्य तैलपानं त्यांचं राज्य बुडवलं. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 997 मध्ये, शिलाहार अपराजितानं भादाणे गाव लोनाडच्या सूर्यमंदिराला दान दिलं. भादाणं इथलंच, भिवंडीजवळचं. त्या ताम्रपटात त्यानं आधी राष्ट्रकूटांची वंशावळ कोरवून घेतली आणि ते राज्य बुडालं याचा शोक केला. विजयी चालुक्यांना धनी म्हटलं नाही.”

“स्वतःला बिरुदं नव्हती लावली?”

“लावली होती, भरपूर. त्यात तोही मागे नव्हता. पण गेलेल्या धन्याला विसरला नाही.”

 

पुढचं गुरुजींनी भराभर सांगितलं. अंबरनाथच्या देवळातला लेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा. त्यातला मुम्मुणी ‘महामंडलेश्वर’. देऊळ आजही उभं आहे. शेवटचा सोमेश्वर ‘महाराजाधिराज कोकणचक्रवर्ती’. यादव महादेवाशी लढताना 1265 च्या सुमारास तो समुद्रात बुडाला आणि घराणं संपलं. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच असावी, असं काही अभ्यासक मानतात.

चहा आला. गृहस्थांचं मन मात्र भादाण्यातच अडकलं होतं. “गुरुजी, त्या अपराजिताला यातून काय मिळालं?”

“काय मिळणार? द्यायला धनी उरलाच नव्हता.”

गृहस्थांनी कप खाली ठेवला. “मी अठराव्या वर्षी एका शेठच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. कटिंग ऑइलनं हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. धंदा शिकवला त्यांनी. पुढे स्वतः जामीन राहून मला पहिलं मशीन घेऊन दिलं. नंतर त्यांचंच वर्कशॉप बंद पडलं. आता ठाण्यात चाळीत असतात.” थोडं थांबून म्हणाले, “पाचशे पत्रिका काढतोय मी. यादीत त्यांचं नाव नाही.”

गुरुजी काहीच बोलले नाहीत. मजकुराचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि खिशातलं पेन दिलं.

‘उद्योगसम्राट’वर काट बसली, ‘श्रीमंत’वर बसली. ‘रावसाहेब घराणे’पाशी हात जरा अडखळला, मग तेही गेलं. सर्वांत वर ‘आशीर्वाद’ लिहून त्याखाली त्यांनी शेठचं पूर्ण नाव घातलं. आपल्या वडिलांचं त्याच्या खालच्या ओळीत.

“पहिली पत्रिका कधी मिळेल?” त्यांनी विचारलं. “उद्या संध्याकाळपर्यंत द्या. ठाण्याला मी स्वतः घेऊन जातो.”